पिवळ्या पाण्याचे दान

६ मार्च २०१९, बुधवार

राखेचा बुधवार, चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. चर्चमधून आल्यावर ग्रिसेल भांडी घासायला उभी राहिली, बाही वर सारली, आणि कोपराच्या आतल्या बाजूला मला चिकटपट्टी दिसली. पट्टीच्या कडेने टोचल्याच्या खुणा. एकदोन नव्हेत, टाचण्यांची उशी व्हावी तशी चाळण. विचारले तर म्हणाली, तपासणीसाठी रक्त दिले. मी अडतीस वर्षे कस्टम एजंटाच्या कचेरीत मालाची विवरणपत्रे भरली आहेत. खोटे विवरण मला वासावरून कळते. दोन मिनिटांत खरे बाहेर आले. नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, ही सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडच्या देशात एल पासोला जाते आणि तिथल्या एका केंद्रात आपले रक्त विकते.

"रक्त नाही गं मावशी. लाल रक्त ते परत घालतात. फक्त वरचं पिवळं पाणी काढून घेतात. प्लाझ्मा."

"साय काढून घेतली आणि दूध परत केलं, तर त्याला काय म्हणायचं?"

"चाळीस डॉलर," ती म्हणाली आणि पातेले घासत राहिली.

आपल्या देशात रक्त विकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून लोक शंभर पावले चालून देश बदलतात. तिकडे त्याला दान म्हणतात. दान करून चाळीस डॉलर घरी आणणारी माणसे मी प्रथमच ऐकली. हिला तिथे नेले शेजारच्या ओब्दुलियाने. तिला दर नव्या माणसामागे बक्षीस मिळते. कसायालाही बकरे आणून देणारा कुणीतरी लागतोच.

माझ्या धाकट्या बहिणीची, अंपारोची, ही मुलगी. अंपारो वारली तेव्हा ही अकरा वर्षांची होती, आज तेवीस. मी तिला काय कमी केले आहे?

८ मार्च, शुक्रवार

जेवायला मसूर आणि निवडुंगाची भाजी. ग्रिसेल विचारत होती, रविवारी तरी कोंबडी करायची का. केंद्रात म्हणे बोट टोचून रक्तातली प्रथिने मोजतात आणि कमी भरली तर परत पाठवतात. मी म्हटले, उत्तम. नवे फादर सांगतात की उपवासकाळात शुक्रवार पाळले की पुरे. नवे फादर गिटारही वाजवतात. आमच्या शाळेत सिस्टर रेफुहिओ चाळीसही दिवस मांसाचा वास येऊ देत नसत आणि संध्याकाळी फक्त कोरा पाव असे. या घरात तसेच चालेल.

ओब्दुलिया कुंपणावरून म्हणाली की मी पोरीची नोकरी सोडवली नसती तर ती पुलापलीकडे गेलीच नसती. हो, सोडवली. तारांच्या कारखान्यात होती, दुसऱ्या पाळीला. गेल्या ऑगस्टमध्ये एकदा कंपनीची गाडी आली आणि तीत ही नव्हती. जादा काम करायला थांबली होती, एवढेच. पण या गावात मुलगी गाडीतून उतरली नाही की आधी काय मनात येते ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. भिंतींवर बेपत्ता मुलींचे चेहरे डकवलेले असतात आणि उन्हाने ते फिके होत जातात. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन तिचा राजीनामा दिला. आता सकाळी ती चर्चच्या कचेरीत बाप्तिस्म्याचे दाखले लिहिते. पगार थोडा आहे, पण हाकेच्या अंतरावर आहे. ओब्दुलियाला मुली नाहीत. तिला बोलायला काय जाते.

१४ मार्च, गुरुवार

आज स्वतः जाऊन पाहून आले. पुलावरच्या रांगेत दोन तास गेले, पाय सुजले.

केंद्र पुलापासून तीन चौकांवर, पूर्वी जोड्यांचे दुकान होते त्या जागी. दारावर हसणारी मुलगी रंगवली आहे आणि खाली लिहिले आहे की तुमच्यात जीव वाचवण्याची ताकद आहे. आत न्हाव्याच्या दुकानातल्यासारख्या मागे कललेल्या खुर्च्यांच्या रांगा. जवळजवळ प्रत्येक खुर्चीत आपल्या गावचे माणूस, मूठ मिटते आहे, उघडते आहे, आणि शेजारी बाटलीत बिअरच्या रंगाचे पाणी साठते आहे. आपल्या चर्चच्या गायकवृंदातले दोघे दिसले. मला पाहून त्यांनी डोळे मिटले, जणू प्रार्थनेत आहेत.

भिंतीवर नियम. वय किती हवे, राहण्याचा पत्ता हवा, वजन एकशे दहा पौंड हवे, म्हणजे पन्नास किलो. जितके माणूस जड तितके जास्त पाणी काढायचे. डुकरांच्या बाजारातही हाच न्याय असतो, फक्त तिथे दारावर कुणी हसत नाही.

टेबलामागे एफ्राइन नावाचा तरुण होता, आपलाच, पण तिकडे जन्मलेला. मी विचारले, ही विक्री की दान, एक काय ते सांगा. त्याने पाठ केलेले म्हणून दाखवले. पैसे प्लाझ्माचे नसतात, सेन्योरा, तुमच्या वेळेचे असतात. प्लाझ्मा तुम्ही दान करता.

"सेन्योरिता. माझं लग्न झालेलं नाही," मी म्हटले. "आणि वेळच विकत घेता ना? मग मी वीस मिनिटं उभी आहे. द्या पैसे."

मागच्या रांगेत कुणीतरी हसले. मालाचे नाव बदलले की जकात बदलते, ही युक्ती मी त्याच्या जन्माआधी शिकले. आमच्या कचेरीतून कोऱ्या रजया 'चिंध्या' म्हणून पूल ओलांडत. पण चिंध्या म्हणवून घेताना रजईला काही वाटत नाही.

पोरगा चिडला नाही, हे मला आवडले नाही. आवाज उतरवून म्हणाला की त्याच्या बहिणीच्या अंगात आजाराशी लढायचे बळच नाही. दर महिन्याला तिला याच पाण्यापासून केलेले औषध चढवतात.

"तिला फुकट मिळतं?"

"फुकट कुठलं. बाबांनी घर गहाण टाकलंय."

"मग दान पोचलं कुणाला?"

त्याने टेबलावरचे अर्ज नीट लावले. मग म्हणाला, "पण ती जिवंत आहे, सेन्योरिता."

त्याच्या टायवर सॉसचा डाग होता, तो त्याला दाखवला आणि निघाले.

१५ मार्च, शुक्रवार

ग्रिसेल आज लवकर परतली. हातावर पट्टी नाही. म्हणाली, घेतलं नाही त्यांनी. कारण विचारले तर खांदे उडवले आणि भिंतीकडे तोंड करून निजली. कालच्या माझ्या बोलण्याचा परिणाम असणार. त्या पोराने वर कळवले असेल. रात्री संत रीताला एक मेणबत्ती लावली.

१८ मार्च, सोमवार

तीन दिवस वारा. तोंडात वाळू, ताटात वाळू, पडद्यांच्या घड्यांत वाळू.

आज फार दिवसांनी ग्रिसेल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मावशी, तुमच्या शाळेत गणवेशाच्या घेरात शिसं शिवायचे ना, त्याची गोष्ट सांग. मी सांगितली. मार्चमधल्या वाऱ्यात झगे उडू नयेत म्हणून सिस्टर रेफुहिओ प्रत्येकीच्या घेरात शिशाच्या चकत्या शिववून घेत आणि ओळीत उभे करून हाताने चाचपून बघत. मुलींची चेष्टा होई, पण गावातल्या उनाडांना पुलावर उभे राहून बघण्यासारखे काही मिळत नसे.

मग ती म्हणाली की पुलावर फार वारा असतो, तिच्या लांब स्कर्टला तसे करून देशील का. मला भरून आले. बारा वर्षे मी या मुलीला शालीनता शिकवते आहे आणि एकही शब्द रुजला नाही असे समजत होते. मी म्हटले, केंद्रात जाणे मला मान्य नाही हे ध्यानात ठेव, पण जायचेच असेल तर नीट झाकून जा. चर्चच्या सभागृहाचे जुने पडदे माझ्याकडे दुरुस्तीला आहेत. त्यांच्या तळाशी साठ-साठ ग्रॅमच्या चकत्या आहेत. चाळीस काढल्या, उपवासाच्या दिवसाला एक, आणि घेरात दुहेरी टाक्याने अशा शिवल्या की बाहेरून सुरकुतीसुद्धा दिसू नये.

"सगळं मिळून किती होईल?" तिने विचारले.

"दोन किलो चारशे."

"पुरे," ती म्हणाली आणि माझ्या गालाचा पापा घेतला. हे तिने पूर्वी कधी केले होते ते आठवत नाही.

१९ मार्च, मंगळवार

गेली आणि पट्टी लावून परत आली. जाण्याआधी एकामागून एक चार पेले पाणी प्यायली. उपाशी पोटी पाणी पिणे ही चांगली शिस्त आहे. स्कर्ट उडाला नाही, म्हणाली.

२७ मार्च, बुधवार

जपमाळेच्या वेळी ग्रिसेल बसल्या बसल्या झोपली. हात बर्फासारखे. ओठांना मुंग्या येतात म्हणे, यंत्रातून लाल रक्त परत येताना थंड वाटते. मी म्हटले, अंतःकरण स्वच्छ असते तर थंडी वाजली नसती. आता वाटते हे बोलायला नको होते, पण बोलले. चेहरा मात्र तिचा उजळ झाला आहे. उपवासाने माणूस पारदर्शक होते असे आमच्या सिस्टर म्हणत.

संध्याकाळी ओब्दुलिया गोमांसाचा रस्सा घेऊन दारात. म्हणाली, "दोमितिलाबाई, पोरीला दोन घास खाऊ द्या. मोलकरीणसुद्धा इतकी वाळत नाही हो."

मी म्हटले, "तिच्या प्रत्येक बाटलीवर तुझं बक्षीस वाढतं ना? मग बकरी वाळली की तुझं नुकसान होतं, हे समजण्यासारखं आहे."

तिचे तोंड उतरले. बक्षीस एकदाच मिळते, दर वेळी नाही, असे पुटपुटली आणि भांडे तसेच घेऊन गेली. ग्रिसेल खिडकीतून त्या भांड्याकडे बघत होती. मी पडदा ओढला.

५ एप्रिल, शुक्रवार

ग्रिसेल शेजारी निजली आहे, दिवा कमी करून लिहिते आहे. अक्षर वाईट येईल.

दुपारी चार वाजता पुलावरच्या फळवाल्याने फोन केला. ग्रिसेल परत येताना पुलाच्या चढावर कोसळली. तोंडावर पडली. पुढचा दात तुटला आहे, मनगट सुजले आहे. मी पोचले तेव्हा ती कठड्याला टेकून बसली होती आणि लोक तिला वळसा घालून जात होते. कुणी थांबत नव्हते, कारण रांगेतली जागा गेली असती. ती मला बघून पहिल्यांदा म्हणाली, "रागावू नकोस."

औषधांच्या दुकानाला जोडून डॉक्टर बसते तिथे नेले. पोरगेलीच आहे, पण धीट. तिने ग्रिसेलला काट्यावर उभे केले. साडेएकोणपन्नास. मग स्कर्ट रक्ताने भरला होता म्हणून बदलायला लावला, आणि तो उचलताना वजनाने डॉक्टरचा हात खाली गेला. तिने घेर चाचपला, अगदी सिस्टर रेफुहिओ चाचपत तसा. पुन्हा काट्यावर उभे केले. सत्तेचाळीस किलो शंभर.

"हे कुणी शिवलं?" तिने विचारले.

ग्रिसेल म्हणाली, "मीच."

दुहेरी टाका. तिला साधा धावदोरासुद्धा सरळ येत नाही.

मी म्हटले, "मी शिवलं."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिले. मग सांगत राहिली की रक्तातली प्रथिने कमी, लोह कमी. इतक्या हलक्या बाईच्या अंगातून आठवड्याला दोनदा एवढे पाणी काढायचे नसते, म्हणूनच तिथे वजनाचा नियम असतो. हे ती माझ्याकडे बघूनच सांगत होती, जणू नियम मी मोडला. मी तिथे बसले आणि ऐकले.

६ एप्रिल, शनिवार

केंद्राविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. यांचा काटा माणूस मोजतो की कपडे? पोरीच्या चेहऱ्याकडे बघायला कुणाला डोळे नव्हते? झकास मजकूर झाला होता. शेवटी कस्टमच्या सवयीने लिहिले, खोटे विवरण भरणाऱ्याचे नाव आणि सही. मग कागद फाडला.

ग्रिसेलचे सीमा ओलांडायचे कार्ड माझ्या खणात कुलूपबंद केले. काल दुपारपासून तिला दूध आणि अंडी देते आहे. खाते, बोलत नाही.

९ एप्रिल, मंगळवार

आज बोलली. जायचा दिवस, म्हणून सकाळपासून खणाकडे बघत होती. मी विचारले, इतका पैसा लागतो कशाला? लिपस्टिक नाही, नवा फोन नाही, जाते कुठे सगळे? आणि मी तर काही मागत नाही.

"खोली घ्यायची आहे," म्हणाली. "फॅक्टरीजवळ, एल्पिदियाबाईंच्या चाळीत. अजून अकरा वेळा गेले असते की झालं असतं."

मी विचारले, या घरात काय कमी आहे. छप्पर आहे, तिची स्वतःची खाट आहे, चर्च हाकेवर आहे.

तुटलेल्या दातामुळे तिचे शब्द ओले येत होते. "काही कमी नाही, मावशी. मला फक्त अशा ठिकाणी झोपायचं आहे जिथे मी उठल्यावर मला कुणी काही सांगणार नाही."

काय कृतघ्न पिढी आहे ही. सांगणारे कुणी नाही म्हणजे सुख, असे यांना वाटते. मला सत्तावीस वर्षे सकाळी उठल्यावर कुणी काही सांगायला नव्हते, ही येईपर्यंत. मला विचारा.

११ एप्रिल, गुरुवार

त्या एल्पिदियाबाईला फैलावर घ्यायला गेले. एका पोरीला अंग विकायला लावून भाडे गोळा करते, तिला लाज कशी वाटत नाही, हे विचारायचे होते. दमेकरी म्हातारी निघाली, अंगणात मक्याचे दाणे सोलत होती. माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली की भाडे फार नाही. पण जामीन राहणारे कुणी नसले की ती सहा महिन्यांचे आगाऊ घेते. लोक पळून जातात, ती कुणाच्या मागे धावणार? याच गावात ज्याच्या नावावर घर आहे अशा कुणीतरी कागदावर सही केली की पहिल्या महिन्याचे भाडे पुरते. सगळेच घरमालक असे करतात. मलाही ते माहीत होते. कचेरीत मी तिघा-चौघांचे असे कागद टंकलेले आहेत.

"मी पोरीला विचारलं होतं," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, बाळा, घर असलेलं जवळचं कुणी आहे का? म्हणाली, कुणी नाही."

माझ्या नावावरच्या घराची पट्टी दर जानेवारीत ग्रिसेलच भरून पावती आणते. माझे नाव तिच्याच हातांनी रांगेत पुढे सरकते.

उठले आणि चालत घरी आले. बस दोन वेळा जवळून गेली.

१३ एप्रिल, शनिवार

त्या चाळीत पाण्याचा नळ अंगणात आहे. दाराला साधी कडी आहे. कोपऱ्यावर दारूचे दुकान. फॅक्टरीची गाडी दारात नाही, दोन चौक अलीकडे थांबते, आणि मधल्या दिव्याचा बल्ब फुटलेला आहे. हे मी काल पुन्हा जाऊन पाहिले. ज्याला या गावात मुलगी आहे तो अशा ठिकाणी कुत्रे ठेवणार नाही.

ओब्दुलियाला विचारले, तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस. म्हणाली, "बाई, तुम्ही मला कधी काही विचारलंत हेच मला खरं वाटत नाहीये." मग म्हणाली, कार्ड किती दिवस कुलपात ठेवणार? पूल नाही तर दुसरे काहीतरी शोधेल ती, आणि या गावात दुसरे काहीतरी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. मूर्ख बाई आहे. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळी ग्रिसेलला म्हटले, चांगला झगा घाल, बाहेर जायचे आहे. तिला वाटले दाताच्या डॉक्टरकडे. चाळ दिसल्यावर ती रस्त्यातच थांबली.

आत मी भाडेकराराचे प्रत्येक कलम वाचले. तिसऱ्या कलमात क्रियापद चुकले होते, ते दुरुस्त करून घेतले. दाराला आतून आडणा बसवायचा आणि दोन चौकांतला दिवा पालिकेकडून लावून घ्यायचा, हे वेगळे लिहून घेतले. एल्पिदियाबाई म्हणाली, पालिका काय माझ्या बापाची आहे? मी म्हटले, नसेल, पण अर्ज मी लिहीन आणि माझे अर्ज लोक दुसऱ्यांदा मागत नाहीत. खोलीची खिडकी पश्चिमेला आहे, दुपारी भट्टी होईल. भिंतीला कसलातरी हिरवा रंग, रुग्णालयात देतात तसला. ग्रिसेल खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. जणू काही पाहण्यासारखे होते. बाहेर नुसती एक भिंत आणि तारेवर कुणाचे मोजे.

मग जामीनदाराची जागा आली. नाव, घराचा पत्ता, भाडेकरूशी नाते. मी लिहिले, मावशी. सही करायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ती पस्तीस-चाळीस वेळा त्या खुर्चीत निजली असेल.

"हळू, मावशी," ग्रिसेल माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "तुझा हात हलतोय."

मी म्हटले, यांचे पेनच वाईट आहे.